पसंतीक्रम

३१ मे, शुक्रवार

आज दोन गोष्टी घडल्या. मेल्पोचा प्रवेशपरीक्षेचा पहिला पेपर झाला आणि माझी नोकरी गेली. पैकी पहिली घरात सर्वांना ठाऊक आहे.

थेसालोनिकीहून आलेलं पत्र दोन ओळींचं होतं. यापुढे आमच्या जिल्ह्याच्या बातम्या मुख्य कचेरीतच 'संकलित' होतील. इथल्या कचेरीच्या खोलीची किल्ली खालच्या औषधवाल्याकडे ठेवावी. अठरा वर्षं मी या वृत्तपत्राचा प्लातानिया गावचा वार्ताहर. पण कागदोपत्री कर्मचारी कधीच नव्हतो. दरमहा ८४० युरोंची पावती फाडून देणारा 'सहयोगी' होतो. ग्रीसमध्ये निम्मे लोक असेच सहयोगी असतात. सहयोग संपला की भरपाई कसली? मिरजेचे माझे व्याकरणाचे गुरुजी म्हणत, वर्णाचा लोप होतो म्हणजे तो मरत नाही, नुसता दिसेनासा होतो. त्याची जागा तशीच राहते. तर आज आमचा लोप झाला.

किल्ली दिली. औषधवाल्याची मुलगी मेल्पोच्याच बाकावर बसते, पण तो तोंडाचा घट्ट माणूस आहे.

परीक्षा संपेपर्यंत घरी सांगायचं नाही. कुठेतरी बोललं पाहिजे म्हणून ही वही. मराठीत लिहितो, कारण या गावात ती वाचणारं कुणी नाही. एवांथियाला सत्तावीस वर्षांच्या संसारात मराठीचे चार शब्द आले. त्यातले तीन मी रागावल्यावर वापरतो ते. मेल्पोला फक्त आकडे येतात. ती पाच वर्षांची असताना सापशिडीचा पट मी घरीच काढला होता, त्यासाठी शिकवले. ५ ती उलटा काढायची, आणि सांगितलं तरी उलटाच काढायची.

लिहिलेलं पान पुन्हा उलटून पाहायची मला सवय नाही. वार्ताहराची खोड. छापलं की विसरलं.

४ जून, मंगळवार

गणिताचा पेपर. एवांथियानं पहाटे चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या.

"दोन कशाला?"

"एक मेल्पोची."

"आणि दुसरी?"

"असू दे एक, वासिली." सत्तावीस वर्षांपूर्वी वासुदेव हे नाव या लोकांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी मला वासिलिस करून टाकलं. मुलीला माझ्या आईचं नाव द्यायचं होतं, इथली रीतच ती. परंतु गोदावरी हे नाव पुरोहिताला संतांच्या यादीत सापडलं नाही, म्हणून सासूबाईंची मेल्पोमेनी आली.

शाळेच्या फाटकातून पोरं रडत बाहेर येत होती. आमची सर्वांत शेवटी आली.

"कसा गेला?"

"शेवटचा प्रश्न फार सुंदर होता, बाबा."

सुंदर! मी फाटकाशी दोन तास उभा, आणि ही सौंदर्यशास्त्र सांगते. पण तिचं वेड खरं आहे. हे गाव कोळशाच्या खाणींवर आणि वीजकेंद्राच्या धुराड्यांवर जगलं. एवांथिया कपडे वाळत घाली आणि दुपारी त्यांच्यावर राखेचा थर बसे. मेल्पोनं बाराव्या वर्षी वाऱ्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, पंधराव्या वर्षी एक समीकरण मांडलं, आणि तेव्हापासून दर रविवारी स्वयंपाकघरात कागद लागतो: कोणत्या दिवशी कपडे बाहेर घालावेत. चारांत तीनदा बरोबर येतं. सरकारी हवामान खात्याचं इतकं येत नाही. तिला क्रीटला जायचंय, तिथल्या विद्यापीठात उपयोजित गणित शिकायला. वारा, धूर, समुद्रात सांडलेलं तेल, जे जे हातात धरता येत नाही ते कुठे जाईल हे सांगायचं शास्त्र.

जिचा बाप कुठे जातो हे घरच्यांना कळत नाही, त्या मुलीनं हेच निवडावं, हा योगायोग म्हणायचा.

९ जून, रविवार

दुपारी मेव्हण्याकडे जेवण. लाझारोस वीजकेंद्रातून पन्नासाव्या वर्षी निवृत्त झाला. तेव्हापासून तो अर्थशास्त्रावर बोलतो.

"गणित!" कोकराची फासळी माझ्याकडे रोखत तो म्हणाला. "मेल्पो, मामाकडे बघ. नववीला दोनदा बसलो. आज पेन्शन खातोय. आणि तुझा बाप? सहा भाषा येतात. अजून बुटाच्या तळव्यासारखा झिजतोय."

"मामा, तुझं वीजकेंद्र बंद होतंय."

"माझ्यानंतर होतंय! वेळ साधता आली पाहिजे, पोरी. हेच खरं उपयोजित गणित."

सगळे हसले. मीही.

"चेष्टा राहू दे," तो म्हणाला. "गणित शिकून लोक काय करतात? शिकवण्या. नाहीतर चौकातल्या फोतिससारखं सट्ट्याचं दुकान. तो निदान शक्यतांचा धंदा करतो. इथे गावातच विद्यापीठाची हिशेबनिसाची शाखा आहे. घरचं जेवण, घरचं अंथरूण. आणि महाराज, क्रीटचं भाडं कोण भरणार? तुमचं वृत्तपत्र?"

हा मला 'महाराज' म्हणतो. भारतातून येणाऱ्या माणसाकडे हत्ती असावा, ही त्याची जुनी तक्रार आहे.

"वृत्तपत्रच भरेल," मी म्हणालो. "अठरा वर्षं भरतंय."

लाझारोसनं फासळी ताटात ठेवली. मग मेल्पो म्हणाली, "मामा, मीठ दे ना."

मीठ तिच्या पुढ्यातच होतं. परीक्षेचा ताण, दुसरं काय.

१२ जून

परीक्षा संपली. सांगितलं नाही. गुण लागेपर्यंत थांबावं.

सकाळी साडेआठला पिशवी घेऊन निघतो, तीनला परततो. मधला वेळ जुन्या रेल्वे स्थानकावर. गाड्या बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली. फलाटावर एक बाक शाबूत आहे. रुळांत बडीशेप उगवली आहे. मी तिथे बसून न मागितलेल्या बातम्या लिहितो.

१५ जून, शनिवार

काम सुचलं. उपयोजित गणिताच्या पदवीवर मोठा लेख लिहायचा: खर्च किती, पुढे पदरात काय पडतं. छापणार कोण हा प्रश्न गौण. निदान मला निर्णय करता येईल.

झोग्राफियाला गाठलं. गणिताची पदवीधर, वय अडतीस, अकरा वर्षं बदली शिक्षिका. म्हणजे दर सप्टेंबरला सरकार सांगेल त्या बेटावर जायचं आणि जूनमध्ये बेकार होऊन परतायचं.

"किती बेटं झाली?"

"नऊ. एका ठिकाणी दोन महिने मोटारीत झोपले. घरं होती हो, पण पर्यटकांसाठी. शिक्षकाला म्हणे मेपर्यंत देऊ, मग खाली करा. घरमालकीण चांगली होती, आंघोळीला बोलवायची."

"पगार?"

"तुमच्याइतकाच असेल."

मी खोकलो.

"पुन्हा अठरा वर्षांच्या झालात, तर हेच शिकाल?"

तिनं कॉफीचा गाळ बशीत उपडा केला. "जूनमध्ये विचारलंत तर नाही. पण फेब्रुवारीत एखाद्या मासेमाराच्या पोराला समीकरण सुटतं ना, तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं. आता ते किती युरोंचं, हे मला नका विचारू."

"मग मी काय लिहू?"

"लिहा, की प्रश्न चुकीचा आहे. आणि मग लिहा, की मी मुलगी असते तुमची तर मला पाठवू नका."

कॉफीचे पैसे तिनंच दिले. मी खिशात हात घालेपर्यंत देऊन झाले होते. या आठवड्यात असं तिसऱ्यांदा झालं; कॉफीखान्यात हल्ली माझं देणं कुणीतरी आधीच भागवलेलं असतं. लोकांच्या मनात वार्ताहराविषयी आदर आहे तर.

१८ जून

उन्हाळा तापला. सकाळी निघताना मेल्पोनं टोपी आणून दिली, कापडी, रुंद काठाची.

"कचेरीत कसलं आलंय ऊन?"

"जाता-येता लागतं, बाबा." शिवाय थंड कॉफीचा थर्मास आणि चीज घातलेली पोळी. "दुपारपर्यंत पुरेल."

गुणी मुलगी. बाकावर खरोखर सावली नाही. टोपी उपयोगी पडली.

२० जून, गुरुवार

आज हिशेब मांडला. हाच मग स्वच्छ कागदावर ग्रीकमध्ये उतरवून घरी दाखवायचा. दरमहा:

माझे ८४०
एवांथियाचं शिवणकाम ३२०
एकूण ११६०
घरखर्च वजा ६९०
उरले ४७०
क्रीट: खोली २८०, जेवण १३०, वीज-पाणी ४०, मिळून वजा ४५०
शिल्लक २०

वीस युरो! महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वर्षातून दोनदा बोटीनं घरी यायला जवळपास तेवढेच. चार वर्षं या अरुंद फळीवरून तोल सांभाळत जायचं. पण पलीकडे जाता येतं, हे महत्त्वाचं. हिशेब जमतो.

फक्त पहिली ओळ खोटी आहे.

पुढची बाजू: पदवीनंतर शिक्षिका झाली तर झोग्राफिया. अथेन्सच्या एखाद्या कंपनीत लागली तर तेराशे-चौदाशे, त्यातले निम्मे भाड्यात. परदेशी गेली तर तीन हजार. म्हणजे पदवीची खरी किंमत वसूल होते ती मुलगी परत न आल्यास. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? मी मिरज सोडली तेव्हा ग्रीक आणि संस्कृत स्वरांची तुलना करायला दोन वर्षांसाठी निघालो होतो. प्रबंध अजून अपुरा आहे. आई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. त्या घरानं हा रकाना कसा भरला, मी कधी विचारलं नाही.

तरी तिनं जावं. मला एवढंच कळतं की तिनं जावं. नोकरी मला कुठेतरी मिळेल. अठ्ठावन्नावं काही वय नव्हे, असं मी बाकाला सांगितलं.

२८ जून, शुक्रवार

गुण लागले. वीस हजारांपैकी सतरा हजार दोनशे चाळीस! क्रीटची गेल्या वर्षीची प्रवेशमर्यादा खूपच खाली होती. एवांथिया हातातली कात्री घेऊन रस्त्यावर धावली, शेजारीण घाबरून आत पळाली. लाझारोस त्सिपुरोची बाटली घेऊन आला. हा द्राक्षांचा जालीम अर्क तो एरवी फक्त अंत्यविधीला काढतो. मेल्पोला त्यानं उचलून फिरवलं. "मामाचं डोकं आहे गं तुला! मी वापरलं नाही, तुझ्यासाठी नवंकोरं ठेवलं!"

आज सांगणार होतो. आजच्या दिवशी कोण सांगेल?

१ जुलै

वही काल स्वयंपाकघरातच विसरलो होतो. दिवसभर जीव टांगणीला. सकाळी मेल्पोनं आणून दिली, मधे पेन्सिल खोचून.

"तुझी वही, बाबा. ओट्यावर होती. ओली नाही झाली."

"वाचलीस की काय?" मी थट्टेनं म्हटलं.

"मला कुठे येतं?"

हायसं वाटलं. मराठी भाषेनं आजवर माझ्यासाठी काही केलं नव्हतं; आज केलं.

मंगळवार, २ जुलै

एवांथियानं आठवडी बाजारातून प्रवासाची पेटी आणली. हिरवी, चाकांची. "पंचवीस म्हणत होता, अठराला दिली." बोळात उभी करून ठेवली आहे. येता-जाता तिला पाय लागतो आणि आम्ही तिघंही तिची माफी मागितल्यासारखं करतो.

८ जुलै, सोमवार

पसंतीअर्ज. या देशात लग्नाच्या याद्यांहून मोठी बैठक या कागदाला लागते. विद्यार्थ्यानं आपल्याला हव्या त्या शाखा क्रमानं लिहायच्या. यंत्र वरून खाली येतं, आणि जिथे गुण पुरतात तिथे पहिल्याच ठिकाणी थांबतं. थांबलं की संपलं. पुढे बघत नाही, मागे येत नाही. विनंती, वशिला, अश्रू, काही चालत नाही. उभ्या ग्रीसमध्ये वशिला न चालणारी ही एकच वस्तू असावी.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही चौघं. मी स्वच्छ कागदावरचा हिशेब वाचून दाखवला. वीस युरोंपाशी आवाज जरा चढवला.

लाझारोसनं नाक खाजवलं. आश्चर्य म्हणजे नुसती मान डोलावली. एवांथिया टेबलावरच्या मेणकापडाचा डाग पुसत होती. तो डाग त्या कापडाच्या नक्षीतलाच आहे.

"थेसालोनिकीचं गणित दुसरं लिहायचं का?" मी विचारलं. "जवळ पडेल."

"तिथे भाडं दुप्पट आहे," मेल्पो म्हणाली. मुलीनं चौकशी केली होती तर.

शेवटी ठरलं: एक, क्रीट, उपयोजित गणित. दोन, आपल्या गावची हिशेबनिसाची शाखा, नुसती आधाराला. इतके गुण असताना दुसऱ्याची गरज पडणार नाही.

"बाबा, पहिल्यावर गुण पुरले तर यंत्र दुसरं बघतच नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग मनात आलं तरी बदलता येत नाही?"

"एकदा पाठवला की ब्रह्मदेवालाही नाही."

"बरं." तिनं दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग उठून माझ्या खुर्चीमागे आली आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. लहानपणी राहायची तशी. अर्ज शाळेतल्या संगणकावरून तीच पाठवणार आहे, शेवटच्या दिवशी.

१५ जुलै

"पाठवलास?"

"पाठवला."

संध्याकाळी तिनं भरलेले टोमॅटो केले, माझ्या आवडीचे. फार जेवलो. एवांथिया जेवली नाही; उकाडा.

२५ जुलै, गुरुवार

यंत्रानं घोळ घातला.

यादीत मेल्पोच्या नावापुढे लिहिलंय: हिशेबनिसाची शाखा, प्लातानिया. डोळे चोळून पाहिलं. लाझारोसला फोन केला. तो म्हणाला, "घरात राहिली, चांगलं झालं," पण आवाजात त्याचा नेहमीचा विजय नव्हता. एवांथिया शिलाईयंत्रावर शिवत होती. मी ओरडलो, "ऐकू येतंय का? क्रीट गेलं!" तिचं पाऊल पट्टीवर तसंच चालत राहिलं. बाहीची शिवण संपवली, दोरा दातानं तोडला, आणि म्हणाली, "ऐकलं, वासिली."

मेल्पो कपडे वाळत घालत होती. "असं कसं झालं?" मी विचारलं.

"होतं कधीकधी, बाबा."

"यंत्राकडून होत नाही! तूच म्हणतेस ना, समीकरण कधी—"

"मग माझंच बोट चुकलं असेल." तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ताणून धर जरा. आज राख नाही."

२६ जुलै

शिक्षण कचेरीत गेलो. पिशवी होतीच. बाई माझ्याच वयाची, चष्मा साखळीला बांधलेला. तिनं अर्जाची प्रत काढून दाखवली. एक: हिशेबनीस, प्लातानिया. दोन: उपयोजित गणित, क्रीट.

"क्रम उलटा झालाय," मी म्हणालो. "बोट चुकलं असेल मुलीचं."

"असेल."

"दुरुस्त होईल ना?"

"नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाली, "बसा. पाणी घ्या. दरवर्षी येतात असे बाप. खाणी बंद व्हायला लागल्यापासून तर या गावात पोरांची बोटं फार चुकतात."

"शाळेतले संगणक जुने असतील."

"असतील," ती म्हणाली. "आया येत नाहीत कधी. बापच येतात."

याचा अर्थ लागला नाही. सरकारी माणसं गूढ बोलतात.

३० जुलै

मंत्रालयाकडे विनंतीअर्ज लिहिला. पाच पानं. असं घोटीव, जुन्या वळणाचं ग्रीक गेल्या पन्नास वर्षांत कुणी लिहिलं नसेल. मेल्पोला वाचून दाखवला. तिनं पूर्ण ऐकला.

"सुंदर आहे, बाबा."

"पाठवू?"

"पाठव."

तिचे डोळे लाल होते. रात्री झोप नाही म्हणाली.

२३ ऑगस्ट

उत्तर आलं. पसंतीक्रम ही अर्जदाराची स्वतःची निवड असल्याने हस्तक्षेप करता येत नाही. दोन ओळी. मला येणारी सगळी पत्रं हल्ली दोन ओळींची असतात.

याउपर काही करण्यासारखं नाही. मी तीन महिने ज्याच्यासाठी खोटं बोललो, ते एका बोटाच्या चुकीनं गेलं. दैव म्हणावं तर ते इतकं आळशी, की त्यानं यंत्राचा आधार घ्यावा. पुन्हा परीक्षेला बस म्हणालो. म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू, बाबा," ज्या सुरात माणसं म्हाताऱ्यांना होकार देतात त्या सुरात.

रविवारी स्वयंपाकघरात राखेचा कागद लागला नाही. एवांथियानं सवयीनं भिंतीकडे पाहिलं, मग कपडे तसेच बाहेर घातले. दुपारी काढले तेव्हा करडे झाले होते. तिनं ते पुन्हा धुतले.

२ सप्टेंबर, सोमवार

हिरव्या पेटीत एवांथियानं हिवाळ्याच्या गोधड्या भरल्या आणि ती माळ्यावर टाकली. बोळ रिकामा झाला. तरी मी तिथून आडवा होऊनच जातो.

१६ सप्टेंबर

आजपासून सकाळी नऊला मेल्पोचं हिशेबनिसाचं शिक्षण सुरू. दुपारनंतर झोग्राफियाच्या ओळखीनं एका शिकवणी-वर्गात लहान पोरांना गुणाकार शिकवणार, महिन्याचे तीनशे. पहिली उचल तिनं एवांथियाच्या शिवणाच्या डब्यात ठेवली. मला दाखवून नव्हे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वही भरत आली. शेवटची चार पानं उरली आहेत, म्हणून काल प्रथमच मागची पानं उलटली. लेखासाठी मांडलेला हिशेब शोधत होतो. म्हटलं, लेख तरी पुरा करावा. कुणाच्या तरी मुलीच्या उपयोगी पडेल.

वीस जूनचं पान. माझ्या शाईच्या ओळींत पेन्सिल आहे.

८४० वर एक आडवी रेघ. पट्टी धरून ओढलेली, नीट. शेजारी ०.

खाली, समासात, सगळा हिशेब पुन्हा केलेला. मराठी आकड्यांत. एकूण ३२०. घरखर्च वजा ६९०. उरले वजा ३७०. क्रीट वजा ४५०. शिल्लक वजा ८२०. त्याखाली दोन रेघा, शाळेत उत्तराखाली मारतात तशा. आणि तारीख: ३०/६.

अर्ज आठ जुलैला आम्ही चौघांनी मिळून ठरवला होता. मी वीस युरोंपाशी आवाज चढवला होता.

टोपी अठरा जूनला मिळाली. दोन मेणबत्त्या चार तारखेला.

सकाळी काय करावं ते कळेना. घरी थांबलो असतो तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं, आणि सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. साडेआठला पिशवी उचलली. मेल्पो दारात होती, शाखेत जायच्या घाईत, एका पायात बूट.

"बाबा, टोपी."

"आता कुठे ऊन आहे?"

"वारा आहे तिथे," ती म्हणाली.

मी टोपी घेतली.

बाकावर बसलो आहे. बडीशेप वाळली आहे. गेले दोन तास तिचा हिशेब तपासतो आहे, वरून खाली, खालून वर. एखादी बेरीज चुकलेली निघाली तर आजही क्रीटची बोट धरता येईल, असं काहीतरी डोक्यात आहे. पहिल्या ओळीत तिनं शून्य लिहिलं, ओळ खोडली नाही. माझी जागा तशीच राखली.

उत्तर बरोबर आहे. ४५० मधला ५ तेवढा उलटा निघाला.